मालिकेकडून चित्रपटाकडे : 'फास्टर फेणे' आणि मराठी बालप्रेक्षक

दूरचित्रवाणी मालिकेतील नायकाला चित्रपटात आणण्याची प्रथा जपानमध्ये बालप्रेक्षकांच्या आधारे रूढ झाली. शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतील 'कामेन रायडर' या मुखवटाधारी महानायकाची मालिका १९७१ मध्ये सुरू झाली. ती चालू असतानाच, १९७२ मध्ये, तोएई कंपनीने त्याच नायकावरील स्वतंत्र लघुचित्रपट मुलांसाठीच्या चित्रपटसंचात प्रदर्शित केला. मालिका पाहणारे मूलच चित्रपटाचाही प्रेक्षक ठरले.

मराठीत भा. रा. भागवत यांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे हा अतिमानवी शक्ती नसलेला, परंतु तितकाच साहसी शाळकरी नायक होय. १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांनी ही भूमिका केली. चित्रपट मात्र थेट २०१७ मध्ये आला. या तीस वर्षांच्या अंतराची खूण कथानकातच दिसते. येथे बनेश (अमेय वाघ) वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे आणि स्वतः भागवत हे दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने एक पात्र झाले आहेत. चित्रपटाचे आवाहन बालकांपेक्षा एकेकाळच्या वाचकांच्या स्मृतीला अधिक आहे.

सारांश, मराठीत नायक टिकला. त्याच्या वयाचा प्रेक्षक मात्र मागे राहिला.