दोन गूगल खाती एकत्र का करता येत नाहीत? मग करायचं काय?

कुडपण हे रायगडच्या पोलादपूर तालुक्यातलं डोंगरातलं गाव. या भागातून कामासाठी मुंबई गाठणं जुनंच आहे. आता त्यात फोन आणि सिमही बदलत राहतं. जुना पासवर्ड आठवत नाही, मग दुकानदार दोन मिनिटांत नवीन जीमेल काढून देतो. काही वर्षांनी एकाच माणसाची तीन खाती होतात. लग्नाचे फोटो एकात, गावाकडचे नंबर दुसऱ्यात, बँकेचे मेल तिसऱ्यात.

ही खाती एकत्र करता येतात का? नाही. गूगलमध्ये तशी सोयच नाही.

याचं कारण असं की गूगलसाठी तुम्ही म्हणजे तुमचं खातं, माणूस नव्हे. दोन्ही खात्यांवर एकच नाव असलं तरी ती एकाच व्यक्तीची आहेत, याचा पुरावा गूगलकडे नसतो. प्ले स्टोअरवर विकत घेतलेलं ॲपही दुसऱ्या खात्यावर नेता येत नाही.

सामान मात्र हलवता येतं, एकेक करून. फोन नंबर जुन्या खात्यातून फाइल म्हणून उतरवून नव्यात चढवता येतात. गूगल फोटोजमधल्या 'पार्टनर शेअरिंग'ने फोटो दुसऱ्या खात्यात घेता येतात. नवे मेल आपोआप पुढे पाठवण्याची सेटिंग जीमेलमध्ये आहे. 'गूगल टेकआउट'मधून सगळ्या माहितीची प्रत काढता येते. पावसाळी पर्यटकांसाठी घरगुती जेवणाचा व्यवसाय गूगल मॅप्सवर टाकला असेल, तर त्याची मालकी दुसऱ्या खात्याला देता येते. रिव्ह्यू त्या जागेसोबतच राहतात. म्हणून नवी नोंद करू नये.

खरा धोका बंद पडलेल्या सिमचा आहे. नंबर बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुन्या खात्यावर तोच रिकव्हरी नंबर असेल, तर ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाईल. सगळ्यात आधी हा नंबर बदलावा, फोटो नंतर. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल हटवू शकतं. २०२३ मध्ये हा नियम आला. त्यामुळे 'असू दे पडून' म्हणून सोडलेल्या खात्यातले फोटो कायमचे जाऊ शकतात.

पीएफचं काय?

इथे चित्र वेगळं आहे. २०१४ मध्ये यूएएन आला तो एका माणसाला एकच क्रमांक असावा म्हणून. तरीही नोकरी बदलताना जुना क्रमांक सांगितला नाही, तर दुसरा तयार होतो. मात्र इथे ओळख आधारशी जोडलेली असल्याने जुन्या खात्यातले पैसे आणि सेवेची वर्षं नव्या खात्यात वर्ग करण्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे सारखी हवी. बरेच अर्ज नेमके इथेच अडकतात.

हे काम टाळणं महागात पडतं. पीएफच्या पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. एका कंपनीत सहा आणि दुसरीत पाच वर्षं काढलेल्या माणसाची सेवा जोडली गेली, तर तो पात्र ठरतो. मधल्या काळात पहिल्या नोकरीची पेन्शनची रक्कम काढून घेतली असेल, तर ती सहा वर्षं मोजली जात नाहीत.