हैती–फ्रान्स संबंध

हैती–फ्रान्स संबंध म्हणजे कॅरिबियन समुद्रातील हैती हे प्रजासत्ताक आणि फ्रान्स यांच्यातील राजकीय, आर्थिक, भाषिक व सांस्कृतिक संबंध होत. इ.स. १६९७ ते १८०४ या काळात हैती ही ‘सँ-दोमँग’ या नावाने फ्रान्सची वसाहत होती. तेथील गुलामांनी उठाव करून फ्रेंच सत्ता उलथून टाकली आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. गुलामांच्या यशस्वी उठावातून जन्मलेले हे जगातील एकमेव राष्ट्र मानले जाते. या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १८२५ मध्ये जबर रक्कम मागितली. तिची फेड आणि त्यासाठी काढलेली कर्जे यांनी हैतीची पुढील अनेक दशके व्यापली. त्या रकमेच्या परतफेडीची मागणी आजही दोन्ही देशांतील चर्चेचा विषय आहे.

वसाहतीचा काळ

इ.स. १४९२ मध्ये कोलंबस हिस्पॅनिओला बेटावर उतरला. तेथील मूळचे ताइनो लोक स्पॅनिश अंमलाखाली काही दशकांतच जवळजवळ नामशेष झाले. ‘हैती’ हे नाव त्यांच्याच भाषेतले असून त्याचा अर्थ डोंगराळ भूमी असा सांगितला जातो. बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक-तृतीयांश भाग १६९७ च्या रिस्विकच्या तहाने फ्रान्सकडे आला.

फ्रेंचांनी येथे ऊस, कॉफी, नीळ व कापूस यांचे मळे उभारले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सँ-दोमँग ही फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत होती आणि नाँत, बोर्दो यांसारख्या फ्रेंच बंदरांची भरभराट बऱ्याच अंशी तिच्या व्यापारावर झाली. या संपत्तीचा पाया गुलामगिरी हा होता. १७८९ च्या सुमारास वसाहतीत जवळपास ५ लाख गुलाम होते, तर गोरे लोक सुमारे ३० हजार आणि मिश्रवंशीय व अन्य स्वतंत्र कृष्णवर्णीय जवळजवळ तितकेच. मळ्यांवर मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते, की आफ्रिकेतून सतत नवी माणसे आणल्यावाचून गुलामांची संख्या टिकत नसे. चौदाव्या लुईच्या काळात १६८५ मध्ये निघालेल्या ‘काळ्या संहिते’ने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले होते. त्याला अन्नवस्त्र देण्याची मालकावर घातलेली बंधने बहुधा कागदावरच राहिली.

क्रांती आणि स्वातंत्र्य

१७८९ मध्ये पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला तेव्हा तो वसाहतीतील माणसांना लागू आहे काय, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. प्रारंभी स्वतंत्र मिश्रवंशीयांनी समान हक्क मागितले. त्यांचा नेता व्हँसाँ ओझे याला १७९१ मध्ये हाल करून ठार मारण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तरेकडील गुलामांनी उठाव केला व शेकडो मळे जाळले. फ्रेंच प्रतिनिधी सोंतोनाक्स याने ऑगस्ट १७९३ मध्ये उत्तर प्रांतातील गुलामगिरी रद्द केली आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय अधिवेशनाने सर्व फ्रेंच वसाहतींत ती रद्द ठरवली. या निर्णयाचे श्रेय पॅरिसमधील वक्त्यांना दिले जाते. परंतु सँ-दोमँगच्या गुलामांनी अडीच वर्षे हाती शस्त्र धरले नसते, तर तो ठराव तेव्हा संमत झाला असता असे म्हणणे कठीण आहे.

पूर्वी स्वतः गुलाम असलेला तूसँ लूव्हर्त्यूर हा या काळातील सर्वांत समर्थ सेनानी. फ्रान्सचे सार्वभौमत्व नाकारायचे नाही, पण कारभार आपल्या हाती ठेवायचा, असे त्याचे धोरण होते; १८०१ च्या संविधानाने त्याला आजन्म गव्हर्नर केले. नेपोलियनला हे मानवले नाही. त्याने आपला मेहुणा सेनापती लक्लेर याला मोठ्या फौजेनिशी पाठवले. तूसँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून जून १८०२ मध्ये पकडण्यात आले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी ज्युरा पर्वतातील फोर द झू या थंड किल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. दरम्यान मे १८०२ च्या कायद्याने फ्रान्सने इतर काही वसाहतींत गुलामगिरी चालू राहील असे ठरवले. ती वार्ता पोहोचताच फ्रेंचांच्या बाजूने लढणारे कृष्णवर्णीय अधिकारीही फिरले. पीतज्वराने फ्रेंच फौज पोखरली, खुद्द लक्लेरही त्यातच गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएरच्या लढाईत ज्याँ-जाक देसालीन याच्या सैन्याने निर्णायक विजय मिळवला. फ्रेंच तिरंग्यातील पांढरा पट्टा फाडून देसालीनने उरलेल्या निळ्या व तांबड्या पट्ट्यांचा नवा ध्वज केला, अशी परंपरागत कथा आहे.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच देसालीनच्या आज्ञेने देशात उरलेल्या हजारो फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली. पोलिश सैनिक, काही वैद्य व धर्मगुरू यांना वगळण्यात आले. वसाहतीतील दीर्घ क्रौर्य ध्यानात घेतले तरी या घटनेची नोंद टाळता येत नाही, आणि पुढे हैतीला वाळीत टाकू पाहणाऱ्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला.

१८२५ ची राजाज्ञा

फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने १७ एप्रिल १८२५ रोजी एक राजाज्ञा काढली. तिच्यानुसार हैतीने फ्रान्सला १५ कोटी फ्रँक पाच समान वार्षिक हप्त्यांत द्यावेत आणि फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, या अटींवर राजा स्वातंत्र्य ‘प्रदान’ करणार होता. ही रक्कम जुन्या मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून होती. त्या मालमत्तेत जमिनीबरोबर माणसेही मोजलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांनी स्वतःचीच किंमत पूर्वीच्या मालकांना चुकवायची होती. राजाज्ञा घेऊन आलेल्या बॅरन द माको याच्या पाठोपाठ फ्रेंच युद्धनौकांचा ताफा पोर्तोप्रँससमोर येऊन उभा राहिला. अध्यक्ष ज्याँ-पिएर बोयेर यांनी जुलै १८२५ मध्ये अटी मान्य केल्या. राजनैतिक भाषेत या रकमेला नुकसानभरपाई म्हणतात. तोफांच्या धाकाने वसूल केलेल्या पैशाला मराठीत खंडणी हा जुना शब्द आहे.

पहिलाच हप्ता ३ कोटींचा होता व हैतीच्या तिजोरीत तेवढी रक्कम नव्हती. त्यामुळे पॅरिसमधूनच ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातून कर्ज देणाऱ्यांनी आपला वाटा आधीच कापून घेतल्याने हैतीच्या पदरी २ कोटी ४० लाखच पडले, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. भरपाई आणि तिच्यासाठीचे कर्ज या जोडीला इतिहासकार ‘दुहेरी कर्ज’ म्हणतात. फेडीचा भार अखेर कॉफी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांवर पडला, कारण सरकारचे मुख्य उत्पन्न कॉफीच्या निर्यातीवरील करातून येई. १८२६ च्या ग्रामीण संहितेने शेतमजुरांना पुन्हा मळ्यांशी बांधण्याचा प्रयत्न केला, तो प्रत्यक्षात फारसा साधला नाही.

हप्ते थकले, तेव्हा १८३८ मध्ये नवे करार झाले. फ्रान्सने हैतीचे सार्वभौमत्व विनाअट मान्य केले आणि उरलेली रक्कम ६ कोटींवर आणून ती ३० वर्षांत विभागली. तरीही ती फिटेपर्यंत १८८० चे दशक उजाडले. त्यासाठी नवी कर्जे निघत गेली. १८८० मध्ये स्थापन झालेली हैतीची ‘राष्ट्रीय’ बँकसुद्धा पॅरिसमधील एका बँकेची निर्मिती होती आणि तिचा कारभार पॅरिसमधून चाले. अमेरिकेने १९१५ ते १९३४ या काळात हैतीवर लष्करी ताबा ठेवल्यावर जुनी फ्रेंच कर्जे अमेरिकी कर्जात रूपांतरित झाली. ही साखळी १९४७ मध्ये संपली असे मानले जाते.

भाषा, धर्म आणि साहित्य

राजकीय वैर असूनही हैतीच्या शिक्षित वर्गाने फ्रेंच भाषा सोडली नाही. १८६० मध्ये व्हॅटिकनशी धर्मविषयक करार झाल्यानंतर मोठ्या संख्येने फ्रेंच, विशेषतः ब्रिटनी प्रांतातील, धर्मगुरू हैतीत आले आणि त्यांच्या शाळांतून उच्च वर्गाची पिढ्यान्‌पिढ्या घडण झाली. सर्वसामान्यांची भाषा मात्र हैतियन क्रेओल आहे. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी फ्रेंचमधून आला असला, तरी व्याकरण स्वतंत्र आहे. १९८७ च्या संविधानाने क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला.

हैतीच्या लेखकांनी फ्रेंच भाषेतूनच फ्रेंच विद्वानांना उत्तरे दिली, हे विशेष होय. आँतेनोर फिर्मँ यांनी १८८५ मध्ये पॅरिसमध्ये मानववंशांच्या समानतेवरील ग्रंथ प्रसिद्ध करून गोबिनोच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे खंडन केले. ‘तीन शिलेदार’ लिहिणारे अलेक्सांद्र द्युमा यांची आजी सँ-दोमँगमधील गुलाम स्त्री होती व त्यांचे वडील, क्रांतिकाळातील सेनापती द्युमा, तेथील जेरेमी येथे जन्मले होते. अलीकडे पोर्तोप्रँसमध्ये जन्मलेले कादंबरीकार दानी लाफेरिएर २०१३ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडले गेले, तर यानिक लाएन्स यांना २०१४ चा फेमिना पुरस्कार मिळाला.

आधुनिक काळ

हुकूमशहा ज्याँ-क्लोद द्युव्हालिए १९८६ मध्ये देश सोडून फ्रान्समध्ये गेला व २०११ पर्यंत तेथेच राहिला. २००३ मध्ये अध्यक्ष ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तिद यांनी १८२५ च्या रकमेपोटी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक परतावा मागितला. फ्रान्सने नेमलेल्या रेजिस दब्रे समितीने ही मागणी अग्राह्य ठरवली. फेब्रुवारी २००४ मध्ये आरिस्तिद यांना सत्ता सोडावी लागली आणि मागणी मागे पडली.

१२ जानेवारी २०१० च्या भीषण भूकंपानंतर निकोला सार्कोझी हैतीत गेले. स्वातंत्र्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने झालेली ही फ्रेंच राष्ट्राध्यक्षांची पहिली भेट. २०१५ मध्ये फ्रांस्वा ओलाँद यांनी ग्वादलूपमध्ये बोलताना हैतीचे ऋण फेडण्याची भाषा केली, तेव्हा अनेकांना तो पैशाचा वायदा वाटला. ते ऋण नैतिक आहे, असा खुलासा लगेच करण्यात आला. राजाज्ञेला २०० वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, एमान्युएल माक्रों यांनी या भरपाईच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. आर्थिक परताव्याविषयी त्यांनी कोणतेही वचन दिले नाही.

फ्रान्समधील हैतियन वंशाचे लोक प्रामुख्याने पॅरिस परिसरात तसेच फ्रेंच गयाना व ग्वादलूप या सागरपारच्या प्रदेशांत राहतात. १ जानेवारीला तेथेही घरोघरी भोपळ्याचे ‘सूप जूमू’ शिजते. वसाहतकाळात ते मालकांच्या पंक्तीचे होते आणि रांधणाऱ्या गुलामांना वर्ज्य होते, असे सांगतात. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.