शिष्यवृत्तीची तयारी अकरावीतच सुरू करा : सायखेडा परिसरातील बौद्ध विद्यार्थी-पालकांसाठी

बारावीचा निकाल लागला की सायखेडा, चांदोरी आणि आसपासच्या वस्त्यांमधून फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो, "कॉलेजवाले पूर्ण फी मागतात, काय करू?" आईवडील कांद्याच्या आणि द्राक्षाच्या कामावर रोजंदारीने जाणारे. चाळीस हजार कुठून आणणार? मग सावकार, बचतगट, नाहीतर "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." पुढचे वर्ष बहुतेकदा येत नाही, मुलींचे तर नाहीच. ज्या मुलांचे शिक्षण असे सुटले, त्यांपैकी बरीच मुले शासनाच्या योजनेत बसत होती. पैसा होता, कागद वेळेवर नव्हता.

मुख्य योजना म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळात, १९४४ साली ती सुरू झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर्षाचा निर्वाह भत्ता तीत येतो. बी.ए., बी.कॉम.सारख्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्याचा भत्ता वर्षाला ३,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्याचा ६,००० रुपये आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांना जास्त, म्हणजे अनुक्रमे ७,००० आणि १३,५०० रुपये. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर भत्ता नाही, पण फ्रीशिप आहे, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. "आमच्या वडिलांना पगार आहे, आम्हाला काही मिळत नाही" असे समजून अनेक घरे अर्जच करत नाहीत. तसे करू नका. दोन्ही अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचे.

जातीचा दाखला : आपल्या समाजाची खास अडचण

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलांची जात "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" लावली. महाराष्ट्राने राज्याच्या सवलती पुढे चालू ठेवल्या. केंद्राच्या पातळीवर मात्र १९५० च्या आदेशानुसार हिंदू, आणि १९५६ नंतर शीख, एवढेच अनुसूचित जातीत गणले जात होते. बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. तरीही केंद्राच्या यादीत जातीचेच नाव आहे, "बौद्ध" ही जात त्या यादीत नाही. म्हणून केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जात आणि बौद्ध धर्म दोन्ही नमूद लागतात. राष्ट्रीय फेलोशिप, आयआयटी, केंद्रीय विद्यापीठे यांच्यासाठी तोच चालतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन मूल दिल्लीला गेले आणि तिथे अडले, हे आपल्याकडे घडलेले आहे.

काही कुटुंबे म्हणतात, "आम्ही जात सोडली, ती परत का लिहायची?" मला ही भावना कळते. माझे मत एवढेच आहे की दाखला हा कायदेशीर कागद आहे, ती आपली ओळख नव्हे. शाळेच्या नोंदी मात्र बदलायच्या मागे लागू नका. एका ठिकाणी "बौद्ध" आणि जुन्या नोंदीत मूळ जात, या दोन्ही मिळून वंशावळ सिद्ध होते. खाडाखोड केली की पडताळणीत शंका येते.

पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा हवा. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत चांगला. आजोबा शाळेत गेलेच नसतील, आणि बऱ्याच घरांत तसेच आहे, तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाचा, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा उतारा मागवा. चुलत्याला किंवा आत्याला जात वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याची प्रत आधी जोडा, काम खूप सोपे होते.

गोदावरीच्या काठावरच्या घरांना एक जास्तीची सूचना. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले आणि पेटीतले कागद भिजले, काही घरांत ते कायमचे गेले. मूळ दाखला हरवला तरी नोंद कार्यालयात असते, दुसरी प्रत मिळते. डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ई-मेलवर स्कॅन ठेवा, आणि पुराआधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उंचावर.

दाखल्याचा अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करायचा, दाखला निफाडच्या प्रांत कार्यालयातून येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी नाशिकच्या जिल्हा जात पडताळणी समितीची वैधता लागते. विज्ञान शाखेच्या मुलांनी बारावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज टाकावा. सीईटीनंतर धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते. आणि एक, नॉन-क्रिमीलेअर अनुसूचित जातीला लागत नाही. कोणी तो काढायला पैसे मागत असेल तर देऊ नका.

फी आगाऊ मागितली तर

पात्र विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क भरायला लावू नये, अशीच योजनेची भूमिका आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. तरीही महाविद्यालये मागतात. आमच्या भागातल्या एका मुलीला तिच्या महाविद्यालयाने परीक्षेचा अर्ज भरू दिला नव्हता. तिने प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि प्रत नाशिकच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे दिली. आठवड्यात काम झाले. तोंडी भांडण करू नका, कागदावर मागा. सहायक आयुक्तांचे कार्यालय नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे.

मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप फेरीतूनच जा. "आत्ता जागा घे, स्कॉलरशिप आपण बघून घेऊ" म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहा.

पैसे आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. संस्थेचे शुल्क खात्यात आल्यावर सात दिवसांत महाविद्यालयात भरायचे असते. ते घरखर्चाला वापरू नका, पुढच्या वर्षी अडचण होते. खाते आधारशी नुसते "लिंक" असून भागत नाही, थेट लाभासाठी जोडलेले असावे लागते. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असेच म्हणा. केवायसी अपुरे असलेल्या लहान खात्यावर शिल्लकीची मर्यादा असते, तिथून मोठी रक्कम परत जाते.

राहण्याचा खर्च

रोज एसटीने नाशिकला ये-जा करणाऱ्या मुलांना स्वाधार मिळत नाही, हे आधीच सांगते. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेर भाड्याने राहणाऱ्यांसाठी आहे. नाशिक शहरात वर्षाला ५१,००० रुपये (भोजन २८,०००, निवास १५,०००, निर्वाह ८,०००), पुणे-मुंबईत ६०,०००. म्हणून आधी वसतिगृहाचा अर्ज करा. नाकारले गेले तर स्वाधार. भाडेकरार आणि ७५ टक्के हजेरी लागते. रक्कम उशिरा येते, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने स्वतःच्या खर्चाचे गृहीत धरा. त्या काळात पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतली कमवा व शिका योजना उपयोगी पडते.

पुढचे शिक्षण

पीएच.डी.साठी बार्टीची फेलोशिप आणि केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आहे. आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांत प्रवेश मिळाल्यास केंद्राची टॉप क्लास योजना बघा, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती (७५ जागा) आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती (१२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी). राज्याच्या योजनेचे निकष अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे दरवर्षीची जाहिरात स्वतः वाचा, व्हॉट्सअपवरच्या फोटोवर विसंबू नका.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टनमध्ये असताना बडोद्याच्या महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते, कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड, तेही नंतर दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. आजच्या अर्जांत असा करार नाही, फक्त तारखा आहेत.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा असतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यातच नवा काढून ठेवा. जून-जुलैत निफाडला रांग लागते आणि रोजंदारी बुडवून दोन-तीन फेऱ्या मारायला लागतात.