सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलींची तपासणी : रूपशुद्धी व अर्थशुद्धी

महानुभाव पंथाचे पुष्कळसे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांनी 1925 साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्याचा परिचय करून दिला. सकळ लिपीची किल्ली हाती आली म्हणजे अक्षरे लागतात. परंतु लागलेला पाठ मूळचा की लेखकूच्या प्रमादाचा, हे अन्य पोथ्यांशी ताडून पाहिल्यावाचून ठरत नाही. रूपशुद्धी व अर्थशुद्धी यांतील हाच भेद वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइली तपासतानाही ध्यानात घ्यावा लागतो.

यंत्राकरिता लिहिलेला मजकूर अमलात आणण्यापूर्वी तपासावा, हा विचार वेबहून जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांचा 'लिंट' हा प्रोग्रॅम 1970 नंतरच्या दशकात सी भाषेतील संशयास्पद रचना दाखवू लागला. 1995 साली अवतरलेल्या अपाची सर्व्हरचे सर्व नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात. त्यांत एखाद्या विभागाची समाप्तीची खूण राहून गेली, तर सर्व्हर पुन्हा सुरूच होत नाही व त्यावरील सारी संकेतस्थळे एकदम बंद पडतात. यास्तव कमांड लाइनवर 'एचटीटीपीडी -टी' अशी आज्ञा देण्याची सोय आहे. ती सर्व्हर सुरू न करता फाइली वाचते. दोष असल्यास फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक सांगते, नसल्यास 'सिंटॅक्स ओके' असा निर्वाळा देते. इगोर सिसोएव्ह यांचा एनजिन्क्स 2004 साली प्रसिद्ध झाला. त्याची 'एनजिन्क्स -टी' ही आज्ञा एक पाऊल पुढे जाऊन नियमांत उल्लेखिलेल्या फाइली उघडूनही पाहते. शिवाय चालू सर्व्हरला नवे नियम वाचावयास सांगितले आणि ते सदोष निघाले, तर तो जुन्याच नियमांवर काम चालू ठेवतो.

तथापि हा निर्वाळा व्याकरणापुरताच असतो. फोल्डरमधील फाइलींची यादी दाखविण्याची मुभा चुकून खाजगी कागदपत्रांच्या फोल्डरला दिली गेली, तर ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच ठरते. कागदपत्रे मात्र जगापुढे उघडी पडतात. ही चूक पकडण्यास लिहिणाऱ्याचा हेतू जाणणारा वाचक लागतो. 'डिफ' या आज्ञेने जुनी व नवी फाइल ओळीस ओळ लावून पाहणे, हा त्यावरील एक उपाय होय. ती आज्ञा फरक दाखविते; त्यांतील कोणता फरक योजलेला व कोणता प्रमादाचा, याचा निवाडा पोथ्यांच्या संपादकाप्रमाणेच तपासणाऱ्याला करावा लागतो.