नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ : त्र्यंबकक्षेत्राच्या संदर्भात एका म्हणीचा विचार

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये’ ही म्हण मराठीत सर्वत्र रूढ आहे. थोरांचा उगम शोधू गेल्यास हाती काही उणेच यावयाचे, सबब तो शोध न केलेलाच बरा, असा तिचा अर्थ सामान्यतः लावण्यात येतो. परंतु जेथे नदीचे मूळ आणि ऋषीचे नाव ही दोन्ही एकाच डोंगराशी निगडित आहेत, त्या त्र्यंबकेश्वरी या अर्थाची परीक्षा करून पाहणे अगत्याचे आहे.

म्हणीचा एक स्पष्ट पूर्वज महाभारताच्या आदिपर्वात आढळतो. रंगभूमीवर कर्ण अर्जुनास आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य त्याला माता, पिता व कूळ विचारतात. पुढे अधिरथ प्रवेश करताच भीम त्याच्या सूतपणाचा उपहास करतो. यावर दुर्योधनाचे उत्तर असे की, शूरांचे आणि नद्यांचे उगम दुर्ज्ञेय असतात; आणि लागलीच तो द्रोणाच्या कलशातील व कृपाच्या शरस्तंबातील जन्माची आठवण देतो. हा कृप गौतमवंशीय, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. म्हणजे मूळ प्रसंगी हे वचन लाजेने घातलेले पांघरूण नसून कूळ विचारणाऱ्यालाच दिलेले प्रत्युत्तर आहे. मराठीत ‘शूरा’च्या जागी ‘ऋषी’ आला आणि वचनाची धार बोथट झाली. कर्णाचे संरक्षण करणारे वचन ज्याला संरक्षणाची गरज नाही अशाच्या पदरी पडले.

आता त्र्यंबकाकडे वळू. येथे मूळ विचारण्यास मज्जाव तर नाहीच, उलट ते दाखविण्यात येते. मात्र ते एक नाही. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर प्रथम दिसणारी धार लुप्त होते, ती गंगाद्वारी पुन्हा प्रकटते, आणि गौतमाने कुशांनी जेथे तिला अडविले असे सांगतात त्या कुशावर्तात तीर्थ म्हणून स्थिर होते. सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचा आरंभ असा तीन ठिकाणी विभागलेला आहे. गौतमाची कथाही निष्कलंक नाही. गोहत्येच्या आरोपाचे परिमार्जन म्हणूनच ही गंगा आली, असे माहात्म्य उघडपणे सांगते. उणे लपविण्याचा येथे प्रयत्न नाही.

याच्या उलट बाजूने एक चिनी वाक्प्रचार विचारात घेण्याजोगा आहे. ‘यिन शुइ सी युआन’ या चार अक्षरांचा अर्थ, पाणी पिताना उगम स्मरावा. त्याचे मूळ यू शिन (५१३–५८१) या कवीने उत्तर चौ राजवटीच्या दरबारी संगीतासाठी रचलेल्या पदांत दाखविले जाते. हा लिआंग राज्याचा वकील म्हणून इ. स. ५५४ मध्ये उत्तरेकडील चांगआनला गेला. तो तेथे असतानाच त्याच्या राज्याची राजधानी पडली, आणि त्याला मायदेशी परतता आले नाही. त्यामुळे या शब्दांत स्वदेशाची ओढ वाचण्याचा प्रघात आहे. तो हृद्य खरा, पण दरबारी समारंभाच्या पदांवर असा अर्थ लादताना सावध असावे. एवढे मात्र निश्चित की, चिनी वचनात उगम हा ऋण मानण्याचा विषय आहे. आपल्या म्हणीत तो चौकशीचा विषय आहे, आणि म्हणूनच निषिद्ध.

ही चौकशी कोणाची टळली व कोणाची टळली नाही, याचे उदाहरण त्र्यंबकातच आहे. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची मुले ‘संन्याशाची पोरे’ ठरली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने वाट चुकलेल्या निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले व त्यांनी त्याला उपदेश केला, अशी परंपरा आहे. गुरूने कूळ विचारल्याचे ती सांगत नाही. शास्त्रीमंडळींनी मात्र ते विचारले. शुद्धिपत्रासाठी या भावंडांना पैठणास जावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तेही याच नदीच्या काठी.

निवृत्तिनाथांची समाधी (शके १२१९, इ. स. १२९७) त्र्यंबकेश्वरीच आहे, आणि पौष वद्य एकादशीला तेथे दिंड्या येतात. त्याच गावातील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची कुळे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात; येणाऱ्याला तेथे पहिला प्रश्न आडनावाचा व मूळ गावाचा विचारला जातो.