विमानतळावरील वाहनझडती (अमेरिका)

विमानतळाच्या आवारात शिरणाऱ्या अथवा तेथे उभ्या केलेल्या मोटारीची सुरक्षेच्या कारणासाठी घेतलेली झडती. अमेरिकेत तिची वैधता राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर (१७९१) घासून पाहिली जाते. ही दुरुस्ती अवाजवी झडतीला मनाई करते आणि वॉरंटसाठी सबळ कारणाची अट घालते.

मोटारीचा अपवाद : मूळ निकाल कॅरल वि. अमेरिका (१९२५). दारूबंदीच्या काळात, डिसेंबर १९२१ मध्ये, मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स–डेट्रॉइट रस्त्यावर अधिकाऱ्यांनी एक ओल्डस्मोबील अडवली आणि आसनाच्या पाठीचे आवरण फाडून आत दडवलेल्या व्हिस्की व जिनच्या ६८ बाटल्या बाहेर काढल्या. वॉरंट नव्हते. वॉरंट आणेपर्यंत मोटार पसार होईल, म्हणून सबळ कारण असल्यास ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. या निकालाने वॉरंटची अट गेली, कारणाची अट मात्र कायम राहिली. तो आधाराला घेणारे हा दुसरा भाग पुष्कळदा विसरतात. फाटकावर सरसकट डिक्या उघडायला लावताना एकाही चालकाविरुद्ध असे कारण नसते. त्यामुळे केवळ कॅरलवर ही झडती टिकत नाही.

प्रशासकीय झडती : जानेवारी १९७३ पासून सर्व विमानप्रवाशांची तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिका वि. डेव्हिस या खटल्यात नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. हेतू गुन्हेगार पकडण्याचा नसून शस्त्र विमानात जाऊ न देण्याचा आहे आणि नको असेल तो प्रवासी विमानात न चढता परत जाऊ शकतो, हे दोन आधार. (पुढे ऑकाय खटल्यात, २००७, तपासणी सुरू झाल्यावर माघार घेता येत नाही असे ठरले.) मोटारीला हे आधार जसेच्या तसे लागू होत नाहीत. मोटार विमानात चढत नाही. पोहोचवायला आलेला नातेवाईक प्रवासी नसतो. एकेरी मार्गिकेत शिरल्यावर मागे वळता येत नाही. म्हणून सूचनाफलक आहे का, यापेक्षा वळण शिल्लक असतानाच तो दिसतो का, हा प्रश्न निर्णायक मानला पाहिजे.

नाकेबंदी : संशय नसताना वाटेल ती मोटार थांबवणे डेलावेअर वि. प्राउस (१९७९) मध्ये अवैध ठरले. इंडियानापोलिस वि. एडमंड (२०००) मध्ये अमली पदार्थ शोधण्यासाठीची नाकेबंदीही रद्द झाली. मात्र विमानतळासारख्या ठिकाणच्या झडत्यांना हा निकाल बाधक नाही, असे न्यायालयाने नमूद केले. त्यांच्या मर्यादा त्यात आखून दिलेल्या नाहीत.

२००१ नंतर : ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर टर्मिनलपासून ३०० फुटांच्या (सुमारे ९१ मी.) आत मोटारी उभ्या करण्यास बंदी आली; ती पुढे शिथिल झाली. १९ नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने वाहतूक सुरक्षा प्रशासन (टीएसए) स्थापन झाले. लॉस अँजेलिस विमानतळ लक्ष्य असलेली स्फोटके डिसेंबर १९९९ मध्ये पोर्ट एंजेलिस येथे मोटारीच्या डिकीत सापडली होती. वाहनझडतीच्या समर्थनार्थ हे उदाहरण द्यायचे तर ती झडती सीमेवर झाली होती हे ध्यानात ठेवावे. सीमेवर नेहमीच्या झडतीला संशयाचीही गरज नसते.

व्हॅले पार्किंग : २०१३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर विमानतळावर चालकाच्या अनुपस्थितीत मोटार तपासल्याचे प्रकरण गाजले. ही तपासणी विमानतळाच्या सुरक्षा आराखड्याचा भाग असल्याचे सांगण्यात आले. किल्ली सोपवणे म्हणजे झडतीला संमती नव्हे. झडती खासगी नोकराने घेतली तरी ती सरकारी योजनेनुसार असेल तर चौथी दुरुस्ती लागू होते.

भाड्याच्या मोटारी : करारात नाव नसलेल्या पण मोटार कायदेशीरपणे ताब्यात असलेल्या चालकालाही चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण मिळते (बायर्ड खटला, २०१८).

सापडलेला पुरावा : स्फोटके शोधण्याच्या मर्यादेत राहून समोर दिसलेली बेकायदा वस्तू पुरावा म्हणून चालते. बॉम्ब मावणार नाही असा बंद लिफाफा उघडला की ही मर्यादा सुटते. सिॲटल विमानतळावरील १,२४,५७० डॉलरच्या रोकडीच्या खटल्यात (१९८९) सुरक्षा तपासणीला गुन्हेशोधाचे काम जोडल्यामुळे न्यायालयाने झडती अवैध ठरवली. प्रस्तुत विषयात हा निकाल सर्वांत मोलाचा आहे.

तुलनेसाठी भारत : सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १०६ नुसार तस्करीसाठी वापर होत असल्याचे मानण्यास कारण असेल तर अधिकारी वाहन थांबवून झडती घेऊ शकतात. झडती बेकायदा असली तरी केवळ त्यामुळे पुरावा बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात (१९७४) ठरवले.