अभय कोणी दिले?

उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब प्रवासास निघण्याची चाल आमच्या बीड जिल्ह्यात फारशी जुनी नाही. पूर्वी प्रवास घडे तो देवाच्या निमित्ताने किंवा सोयरिकीच्या निमित्ताने. पंढरपूर, तुळजापूर, फार तर एखाद्या भाचीचे लग्न. केवळ रान पाहण्यासाठी घरच्या पाच माणसांनी भर मे महिन्यात गाडी भाड्याने करून रस्त्याला लागावे, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या कानावर गेली असती, तर त्यांनी प्रथम माझ्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिले असते. तरीपण गेल्या मे महिन्यात आम्ही निघालो खरे. मी, आमची मंडळी, दोन मुले आणि आई.

मुलांचा हट्ट ताडोबाचा होता. शाळेच्या भूगोलात ताडोबाचे नाव येते, आणि वाघ पाहिलेला मुलगा वर्गात चार दिवस तरी राजा असतो. पण ताडोबा पडले चंद्रपूर जिल्ह्यात, येथून पाचशे किलोमीटरांहून दूर. शिवाय तेथील दर आणि आधी करावयाचे आरक्षण हे सारे मास्तरच्या खिशाला न झेपणारे. तेव्हा मी नकाशा काढला. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचे संजय गांधी उद्यान. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. मुलांचे चेहरे उतरले. परंतु नकाशावर बोट फिरवता फिरवता असे दिसून आले की आमच्या भोवती लहान लहान अभयारण्यांचे एक कडेच आहे. येडशी, नान्नज, रेहेकुरी आणि आमच्याच पाटोदा तालुक्यातील नायगाव. तीन दिवसांत चक्कर पुरी होते. हाच आमचा ताडोबा, असे मी जाहीर केले.

निघण्यापूर्वी मुलांना थोडा इतिहास सांगणे आलेच. मास्तराची खोड ती. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ज्याची ख्याती आहे ते अमेरिकेतील यलोस्टोन १८७२ साली स्थापन झाले. आपल्या देशात पहिले उद्यान १९३६ मध्ये झाले. तेव्हा त्याला हेली या इंग्रज गव्हर्नराचे नाव होते. पुढे ते जिम कॉर्बेटच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ताडोबात शिकारबंदी झाली १९३५ मध्ये आणि राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ मध्ये. त्या वेळी चंद्रपूर जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात. ही झाली गौरवाची बाजू. पण दुसरीही बाजू आहे. यलोस्टोनच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना उद्यानासाठी तेथून दूर करण्यात आले. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारूचे देवस्थान आहे, तो वाघाशी झुंजताना पडलेला आदिवासी पुढारी होता असे तेथील लोक सांगतात. त्या रानातलीही काही गावे पुढे उठवावी लागली. प्राण्यांना अभय देण्यासाठी माणसांना घर सोडावे लागले.

राजे लोकांच्या रानाची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त दोन तऱ्हेची वने सांगितली आहेत. एक राजाच्या विहारासाठी. त्याच्या सभोवती खंदक, आत शिरावयास एकच दार, आणि आतील हिंस्र श्वापदांची नखे-दाते काढून टाकलेली. दुसरे अभयवन. तेथे सर्व प्राणी जणू पाहुणे म्हणून राहावयाचे आणि त्यांना मारणाऱ्यास दंड. मुलगी पटकन म्हणाली, ''बाबा, एकच दार म्हणजे तिकिटाची खिडकी!'' पोर थट्टेने बोलून गेली, पण मला तो प्रश्न तीन दिवस पुरला. अभय देतो कोण आणि त्याचे मोल कोण मोजतो?

मांजरसुंब्याचा घाट ओलांडून चौसाळा, येरमाळा करीत आम्ही येडशीस पोहोचलो. येथील रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचे, सव्वाबावीस चौरस किलोमीटरांचे. दरीत रामलिंगाचे देऊळ, भोवती वानरांचे राज्य. सीतेसाठी रावणाशी झुंजला तो जटायू येथेच पडला, अशी या भागाची श्रद्धा आहे. आईने हात जोडले. माझ्या मनात मात्र आले, जटायूचे वंशज आता कोठे आहेत? १९९० नंतरच्या दशकात देशभरातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधाला बंदी झाली. तोवर आकाश रिकामे झाले होते. गिधाडाला कोणी दगड मारला नव्हता. गाईच्या औषधाने ते गेले.

येडशीहून बार्शी, वैराग करीत नान्नज. उन्ह असे की दूरचा माळ पाण्यासारखा हलत होता. हा माळढोकाचा मुलूख. मीटरभर उंचीचा, ऐटीत चालणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याचा विचार चालला होता तेव्हा सलीम अलींचा कौल या माळढोकाला होता. निवड झाली मोराची, १९६३ मध्ये. हरलेल्या उमेदवाराची पुढे काय गत झाली ते नान्नजला कळते.

१९७९ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती म्हणाल, तर ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे, शेते, रस्ते, पेठा, सारे एका रेषेच्या आत आले. हेतू चांगला होता. पण त्या रेषेने लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्यांचे हेलपाटे सुरू झाले, आणि ज्या शेतकऱ्याने आजवर त्या पक्ष्याकडे कौतुकाने पाहिले होते, त्याला तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. पुढे न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. दरम्यान माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही. आज देशात माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. तेथे जैसलमेरकडे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. आम्ही नान्नजच्या माळावर सकाळ-संध्याकाळ नजर ताणून बसलो. चंडोल दिसले, हरणे दिसली, एक खोकड दिसले. माळढोक दिसला नाही. मुलगा म्हणाला, ''आपण उशिरा आलो का?'' मी त्याला उत्तर दिले नाही.

तिसऱ्या दिवशी करमाळ्यावरून कर्जतकडे वळलो. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम साडेपाचशे एकर. आमच्याकडच्या जुन्या देशमुखीत एका वाड्याची जमीन याहून अधिक असे. पण या एवढ्याशा गवताळ तुकड्यात काळवीट तगले. पीळदार शिंगे वर करून एक काळा नर बाभळीखाली उभा होता आणि भोवती भुऱ्या माद्या चरत होत्या. आमच्या गाडीतला गलबला एकदम थांबला.

या काळविटाचे आणि चित्त्याचे वैर म्हणजे दख्खनच्या दरबारांची जुनी करमणूक. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये शिकविलेल्या चित्त्यांकडून हरणे धरविण्याचा खेळ सांगितला आहे. मोगलांनी तो वाढविला. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकातही चित्ते पाळीत, आणि देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हा ते आफ्रिकेतून आणवीत. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले. ते या देशातले अखेरचे ठरले. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडले. तो दिवस १७ सप्टेंबर. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना ही तारीख वेगळी सांगावयास नको. १९४८ मध्ये याच दिवशी निजामी राजवट संपली. हैदराबाद शहराजवळ निजामाच्या खासगी शिकारीचे जे रान होते, तेथेही आज हरिणवन आहे, महावीराच्या नावाचे. शिकाऱ्याचे रान अहिंसेच्या उपासकाच्या नावाने ओळखले जावे, हा इतिहासाने उगवलेला गोड सूडच म्हणावयाचा.

जामखेड ओलांडले की सौताडा लागतो आणि आपण पुन्हा बीड जिल्ह्यात येतो. विंचरणा नदी येथे कड्यावरून खाली झेप घेते. मे महिन्यात मात्र नुसता काळा कडा उभा होता. खाली दरीत रामेश्वर. मग पाटोदा, आणि पुढे बालाघाटच्या उघड्याबोडक्या वाटणाऱ्या रांगांत नायगावचे मयूर अभयारण्य. स्थापना १९९४, क्षेत्र २९.८९ चौरस किलोमीटर. याच तालुक्यातल्या डोंगरात मांजरा नदी उगम पावते. खुरट्या झुडपांचे, कोरड्या ओढ्यांचे हे रान. येथे राजाचा शिकारखाना असल्याचे मी कधी ऐकले नाही, आणि येथे वाघ पाहावयास कोणी येत नाही.

दिवस कलता कलता पहिला केका ऐकू आला. मग दुसऱ्या डोंगरावरून दुसरा. पावसाळा तोंडावर आला की मोर असेच एकमेकांना हाका घालतात. थोड्या वेळाने बांधावर एक मोर आला, मागे तीन लांडोरी. त्याने पिसारा उभा केला तेव्हा आई हळूच म्हणाली, ''अरे, हा तर आपल्या देव्हाऱ्यातला.'' तिच्या देव्हाऱ्यात कृष्णाच्या मूर्तीमागे एक मोरपीस आहे, माझ्या लहानपणापासूनचे.

शेजारच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ बांध नीट करीत होते. मी विचारले, ''बाबा, मोर पिकाचं नुकसान करीत नाहीत?''

''करतेत की, गुरुजी. भुईमूग उकरतेत, पेरलेलं बी टिपतेत. एका खेपेला दुबार पेरणी केली म्या.''

''मग राग येत नाही?''

''येतो. हाकलतो. पर मारायचं कसं? आमच्या आज्यानं नाही मारलं, बापानं बाहात्तरच्या दुष्काळात नाही मारलं. तवा तर माणसाला खायाला नव्हतं.''

मी गप्प राहिलो. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा देशात झाला तोही १९७२ मध्येच, सप्टेंबर महिन्यात. मराठवाडा तेव्हा खडी फोडीत होता. त्या कायद्याची वार्ता या डोंगरात केव्हा पोहोचली असेल ती असो. मोर मात्र त्याआधीच सुखरूप होता. अभयारण्याची पाटी लागली ती त्यानंतर बावीस वर्षांनी. सरकारने नायगावला अभय दिले असे आपण म्हणतो. खरे तर गावाने दिलेल्या अभयावर सरकारने शिक्का उमटविला. नान्नजला आधी रेषा आली आणि मन दुरावले. येथे मन आधी होते, रेषा मागून आली. कायदा नकोच, असे मी म्हणत नाही. शिकाऱ्याच्या बंदुकीला कायदाच हवा, आणि रेहेकुरीचा तुकडा कायद्यानेच राखला. पण ज्याच्या शेतात पाखरू दाणे टिपते त्याचे नुकसान वेळेवर भरून न देणारा कायदा त्या पाखराचा शत्रू होऊन बसतो, हे या चार रानांनी मला शिकविले.

निघताना त्या बाबांनी आम्हाला तांब्याभर पाणी दिले. उन्हाळ्यात त्या डोंगरात तांब्याभर पाण्याची किंमत काय असते ते बीडच्या माणसाला ठाऊक आहे. ओट्यावर दोन नातवंडे खेळत होती. मी मास्तर, सवयीने इयत्ता विचारली. मोठा म्हणाला, चौथी. पण दिवाळीनंतर शाळा होत नाही, आईबापाबरोबर कारखान्यावर जावे लागते. पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर या तालुक्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आम्ही जो रस्ता हौसेने धुंडाळला, त्यातला बराचसा त्या पोराने ट्रॉलीत उसाच्या वाढ्यांवर बसून पाहिलेला होता. करमाळा त्याला माझ्या मुलापेक्षा चांगले ठाऊक होते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे भरलेली असतील. नायगावच्या मोरांचे पिसारे या सुमारास गळून गेलेले असतात. नवे यावयाला अवकाश असतो. त्या ओट्याला तोवर कुलूप लागेल. रानातल्या शाळूवर मोर खुशाल उतरतील, हाकलावयास कोणी नसेल. ज्या घराने तीन पिढ्या पाखराला अभय दिले, त्या घरातल्या चौथीतल्या पोराला आपल्याच गावच्या शाळेत वर्षभर बसता येईल, एवढे अभय द्यावयाचे कोणी, हा धडा आमच्या इतिहासाच्या पुस्तकात अजून यावयाचा आहे.